मार्कांचा मेळ बसतो का? या तपासणीमागची गोष्ट

निकालाचे दिवस आले की जळगावकडच्या आमच्या स्टाफरूममध्ये एक वाद ठरलेला, अंतर्गतचे २० अन् लेखीचे ८० यांचा मेळ बसतो का. एक म्हणतो बसतोच, दुसरा मार्कांची यादी पुढे सरकवून विचारतो, "भो, हाई काय शे?" मग कोणीतरी एक्सेल उघडतं, कोरिलेशन (दोन याद्या किती जोडीने चढतात-उतरतात याचं माप, १ म्हणजे पुरा मेळ, ० म्हणजे काहीच नाही) काढतं, ०.८ येतं अन् सगळे खूश. थांबा जरा.

हे माप निघालं ते मार्कांसाठी नाहीच. १८८८ मध्ये फ्रान्सिस गाल्टन माणसांची उंची, हाताची लांबी असलं मोजत बसला होता, त्यातून कल्पना निघाली, अन् १८९६ मध्ये कार्ल पिअर्सनने तिला आपण आज वापरतो ते सूत्र दिलं. पण शाळेत हे आणलं चार्ल्स स्पिअरमनने. हा गडी आधी इंग्रजांच्या लष्करात अफसर, नंतर नोकरी सोडून जर्मनीत मानसशास्त्र शिकायला गेला. १९०४ च्या लेखात त्याने शाळकरी पोरांचे विषयवार नंबर एकमेकांशी ताडून पाहिले, तर क्लासिक्स (म्हणजे लॅटिन-ग्रीक) अन् फ्रेंच यांचं नातं ०.८३, फ्रेंचच्या जागी गणित घेतलं की ०.७०. एका विषयात हुशार तो दुसऱ्यातही, हे आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो, त्याने आकड्यात बसवलं. त्यावरून 'एकच सामान्य बुद्धी' असा जो निष्कर्ष काढला तो मला जरा घाईचाच वाटतो, पण ते राहू द्या.

त्याची नंबरांची पद्धत हातानेही होते. पाच पोरं, गणितात नंबर १, २, ३, ४, ५ अन् विज्ञानात त्याच क्रमाने २, १, ३, ५, ४. फरकांचे वर्ग मिळवले की ४, त्याला ६ ने गुणून १२० ने भागायचं अन् १ मधून वजा, आलं ०.८. भारी ना? पण पाच नंबर १२० तऱ्हांनी लागू शकतात अन् त्यातल्या ८ तऱ्हांत मेळ इतका किंवा याहून चांगला बसतो, म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तरी पंधरातून एकदा असं होणारच.

हा 'योगायोग तर नाही ना' प्रश्न १९०८ मध्ये 'स्टुडंट'ने धरला. नाव विद्यार्थ्याचं, पण माणूस गिनेसच्या बिअर कारखान्यातला, विल्यम गॉसेट, खऱ्या नावाने छापायची सोय नव्हती म्हणून टोपणनाव. १९१५ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने ते गणित पक्कं केलं. त्या हिशोबाने 'हा नुसता योगायोग नाही' असं नेहमीच्या कसोटीवर म्हणायला दहा पोरं असली तर किमान ०.६३ लागतं, चाळीस असली तर ०.३१ वरही भागतं.

आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांना या विषयाची गोडी लागली त्यातही तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांनी सोपवलेलं कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांच्या निकालांचं काम होतंच, पुढे १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था काढली.

श्रेण्यांचं दुखणं वेगळंच. अ-२ मधून क-१ वजा करून काय येणार, तो नुसता क्रम आहे, म्हणून तिथं पिअर्सनपेक्षा स्पिअरमन बरा. त्यात अर्धा वर्ग ब-१ मध्ये अडकलेला, सगळ्यांचा नंबर एकच, मग १९३८ सालचा केंडॉलचा टाऊ (पोरांच्या जोड्या-जोड्या घेऊन क्रम ताडणारं माप) काढतात, त्याचा 'बी' प्रकार असल्या बरोबरीसाठीच आहे. अन् अंतर्गतला सरसकट १९-२० वाटले असतील तर कोणतंच सूत्र लावू नका, फरकच नाही तर मेळ कशाचा बघणार.