भाकरीचा कुत्रा आणि कच्च्या मांसाचा इतिहास

सोलापुरात पाळीव कुत्र्याच्या खाण्याचा विषय निघाला की ‘पेडिग्री’ हा शब्द एका विशिष्ट मालाचे नाव म्हणून क्वचितच वापरला जातो. पिशवीतून निघणाऱ्या कोणत्याही तपकिरी, कोरड्या दाण्यांना लोक तेच म्हणतात. अलीकडे या दाण्यांना एक प्रतिस्पर्धी उभा राहिला आहे. लॅब्रेडोर किंवा जर्मन शेफर्ड पाळणारी तरुण मंडळी दाणे बंद करून कुत्र्याला कच्चे मांस, हाडे आणि कलेजी देण्याविषयी चौकशी करू लागली आहेत, आणि त्यामागचा युक्तिवाद बहुधा एकच असतो: कुत्रा मुळात लांडगाच आहे, तेव्हा त्याला त्याच्या मूळ आहाराकडे परत न्यायचे. या ‘परत’ शब्दाचा इतिहास तपासण्यासारखा आहे. जिला मूळ म्हटले जाते ती पद्धत चळवळ म्हणून जेमतेम तीन दशकांची आहे, आणि सोलापूरच्या कुत्र्याचा स्वतःचा भूतकाळ निराळाच आहे.

लांडगा ही इथल्या माणसाला केवळ चित्रातली गोष्ट नाही. शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, जे 1979 साली जाहीर झाले. माळढोक तिथून जवळपास दिसेनासा झाला, पण लांडगा टिकून राहिला, आणि तो काळविटांवर व धनगरांच्या शेळ्यामेंढ्यांवर जगतो. त्याच माळावर, मेंढरांच्या कळपाच्या कडेला, धनगराचा कुत्राही असतो, आणि त्याच्या वाट्याला येते ती मालकाच्या फडक्यातली भाकरी. एकाच कुळातले दोन प्राणी एकाच गवतात राहून दोन वेगळ्या गोष्टी खातात, एवढे पाहिले तरी ‘कुत्रा म्हणजे लांडगा’ हे समीकरण डळमळू लागते.

जनुकशास्त्राने या निरीक्षणाला नंतर आधार दिला. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे एरिक अॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर स्वादुपिंडात तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या सोबतीत, विशेषतः शेती सुरू झाल्यानंतर, कुत्र्याचे पोट धान्याला सरावत गेले असा त्याचा अर्थ लावला जातो. जर्मनीत बॉन-ओबरकासेल येथे माणसांसोबत पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे ही सोबत शेतीहूनही जुनी आहे, आणि तिच्या आरंभीच्या काळात कुत्रा शिकाऱ्यांबरोबर मांसच खात असणार, हेही मान्य करायला हवे.

सोलापूर जिल्ह्यात मात्र कुत्र्याचा लेखी-मौखिक इतिहास सुरू होतो तो भाकरीपोळीपासून. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, तिची भाकरी, रात्रीची उरलेली भाकरी सकाळी ताकात कुस्करून दारातल्या कुत्र्यापुढे ठेवणे, आणि घरात मटण झाले असेल त्या दिवशी हाडे टाकणे, हा क्रम गावोगावी इतका सवयीचा होता की त्याला कोणी ‘आहारपद्धती’ म्हटले नाही. श्राद्धात काकबली आणि गोग्रासाबरोबर श्वानबलीही काढला जातो, तो शिजवलेल्या अन्नाचाच. पंढरपूरच्या नामदेवांची गोष्ट तर सर्वांना पाठ आहे: कुत्र्याने कोरडी पोळी पळवली आणि तो कोरडीच खाईल या काळजीने नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, आणि सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबाला जाणाऱ्या भाविकाला त्याचे नवल वाटत नाही. या परंपरेचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरू नये. भाकरीवर जगणारा तो कुत्रा दिवसभर मोकळा हिंडत असे आणि उंदीर, घूस, मेलेले जनावर, उकिरडा यांतून उरलेली भूक भागवत असे. घराच्या हिशेबात त्याचा तो दुसरा आहार कधीच धरला गेला नाही, आणि फ्लॅटमध्ये बांधून ठेवलेल्या कुत्र्याला नुसती ताक-भाकरी घातली की नेमकी तीच तूट उघडी पडते.

दाण्यांचा इतिहास मात्र तारखांसह सांगता येतो. 1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन विक्रेता विजेपासून इमारती वाचवणारे वाहक विकण्यासाठी इंग्लंडला गेला. तिथल्या धक्क्यावर, खलाशांनी टाकलेली कडक बिस्किटे कुत्रे खाताना पाहून त्याला कुत्र्यांच्या बिस्किटाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. गहू, बीट, इतर भाज्या आणि सुकवलेले गोमांस यांची ही बिस्किटे शिकारी कुत्री पाळणाऱ्या जमीनदारांना विकली गेली. ज्या काळात कुत्र्याला खाटकाकडचे टाकाऊ मांस किंवा स्वयंपाकघरातले उरलेसुरले मिळत असे, त्या काळात पैसे मोजून त्याच्यासाठी वेगळे खाद्य आणणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. याच कंपनीत नोकरी करणाऱ्या चार्ल्स क्रफ्टने 1891 साली लंडनमध्ये स्वतःच्या नावाचे श्वानप्रदर्शन सुरू केले, जे आजही भरते. जातिवंत कुत्रा आणि विकतचे खाद्य यांची जोडी अशी आरंभापासूनच एका गाठीत बांधलेली आहे.

पुढची पायरी अमेरिकेत घडली. 1922 मध्ये घोड्याच्या मांसाचे डबाबंद खाद्य बाजारात आले. मोटारगाड्यांमुळे निकामी ठरलेल्या घोड्यांना त्यात गिऱ्हाईक मिळाले, हा त्या धंद्याचा फारसा न सांगितला जाणारा भाग. दुसऱ्या महायुद्धात पत्रा लढाईसाठी राखून ठेवला गेल्याने डबे बंद पडले आणि कोरडे खाद्य पुढे सरसावले. 1957 साली प्युरिना कंपनीने वाफ आणि दाबाखाली पीठ शिजवून साच्यातून बाहेर ढकलण्याचे तंत्र वापरून फुललेले दाणे विक्रीस आणले. न्याहारीच्या धान्यप्रकारांसाठी वापरले जाणारेच ते तंत्र होते. स्वस्त, टिकाऊ, मोजायला सोपे, आणि पशुवैद्याला सल्ला देण्यासही सोयीचे असे हे खाद्य पाहता पाहता जगभर पसरले, आणि त्याबरोबर ‘ताटातले उष्टे कुत्र्याला अपायकारक’ हा विचारही पसरला.

आपल्याकडे उदारीकरणानंतर हे दाणे मोठ्या शहरांतून सोलापुरासारख्या शहरांत आले. त्यांच्या यशाचे एक कारण इथल्या घरांत दडलेले आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ज्या घरात मांस शिजत नाही, तिथेही मुलाच्या हट्टामुळे लॅब्रेडोर येतो. दाण्यांत कोंबडीच असते, पण ती कोंबडीसारखी दिसत नाही आणि तिचा वासही तसा येत नाही. म्हणून ओट्याला हात न लावता, आजीच्या देवघराला धक्का न लावता, कुत्र्याला मांस मिळते. कच्च्या आहाराची कल्पना ही सोयच काढून घेते.

ती कल्पना ऑस्ट्रेलियातून आली. पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी 1993 साली एका पुस्तकाद्वारे कच्ची मांसल हाडे, अवयव आणि थोड्या भाज्या हा आहार मांडला, आणि ‘बोन्स अँड रॉ फूड’ (हाडे आणि कच्चे अन्न) या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘बार्फ’ हे नाव रूढ झाले. शर्यतीच्या ग्रेहाउंडना आणि बर्फातल्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना कच्चे मांस पूर्वीपासूनच दिले जात असे. नवे होते ते घरगुती कुत्र्यासाठी त्याला तत्त्वज्ञान देणे. चळवळीला खरा जोर मिळाला तो 2007 मध्ये. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातील प्रथिनात) मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलेले आढळले, उत्तर अमेरिकेत शंभराहून अधिक ब्रँडचे खाद्य परत मागवावे लागले, आणि मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक कुत्री-मांजरे दगावली. पिशवीवरचा विश्वास उडालेल्या मालकाला, समोर कापून दिलेले मांस तरी आपण डोळ्यांनी पाहतो, असे वाटणे स्वाभाविक होते.

विरोधही त्याच सुमारास संघटित झाला. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने 2012 साली कच्चे प्राणिजन्य खाद्य देण्याविरुद्ध धोरण स्वीकारले. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 ते 2012 या काळात तपासलेल्या कच्च्या खाद्याच्या 196 नमुन्यांपैकी 15 नमुन्यांत साल्मोनेला आणि 32 नमुन्यांत लिस्टेरिया हा रोगजंतू सापडला; साल्मोनेला हाही तसाच एक रोगजंतू. कुत्रा यातून अनेकदा निभावून जातो. धोका असतो तो भांडे घासणाऱ्याला आणि कुत्र्याच्या तोंडाशी खेळणाऱ्या लहान मुलाला.

मेंढरांच्या मुलखाने याहून जुना एक धडा लक्षात ठेवायला हवा. मेंढीच्या फुप्फुसात किंवा यकृतात कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात; त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकॉकस हा बारीक फीतकृमी वाढतो. कुत्रा आजारी दिसत नाही, परंतु त्याच्या विष्ठेतून पडणारी अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्याच यकृतात तशा गाठी धरतात. एकोणिसाव्या शतकात आइसलँडने, आणि 1959 च्या कायद्याने न्यूझीलंडने, मेंढीचे कच्चे अवयव कुत्र्यांना घालण्यावर याच कारणासाठी बंधने आणली, आणि न्यूझीलंडला त्यातून मोकळे होण्यास 2002 साल उजाडावे लागले. कच्च्या आहाराच्या चर्चेत साल्मोनेलाचे नाव सतत येते, या कृमीचे क्वचित. धनगरवाडे आणि मटणाची दुकाने असलेल्या आपल्या भागात क्रम उलटा असायला हवा, असे माझे मत आहे.

दुसरी चूक नुसत्या मांसाची. माझ्या ओळखीच्या एका घरी लॅब्रेडोरच्या पिल्लाला, हाड घशात अडकेल या भीतीने, दोन-अडीच महिने केवळ बोनलेस चिकन दिले गेले. पिल्लू गुटगुटीत दिसत होते, पण उभे राहिले की पुढचे पाय धनुष्यासारखे बाहेर झुकत आणि जिना चढताना ते मध्येच बसून घेई. मांसात कॅल्शियमच्या सुमारे पंधरा ते वीस पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम थोडे जास्तच हवे असते, ते मिळाले नाही की शरीर ते हाडांतून ओढून घेते. बिलिंगहर्स्ट यांनी हाडांवर इतका भर दिला तो याच कारणाने, आणि नेमका तेवढाच भाग घरोघरी गळून पडतो. शिजवलेले हाड कच्च्यापेक्षा जास्त फुटून टोकदार होते, त्यामुळे कच्चे आणि शिजवलेले यांची सरमिसळ करून मधला मार्ग काढणेही निर्धोक नाही.

मे महिन्यात पारा 43 अंशांकडे जातो तेव्हा दुकानातून स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून आणलेले मांस घरी पोहोचेपर्यंत कोमट झालेले असते, आणि दुपारी वीज गेली की फ्रीजरचाही भरवसा राहत नाही. दुकानदार आता कोंबडीच्या माना, पाय आणि पेटा बाजूला काढून ठेवतो आणि विचारतो, ‘‘शिजवून घालणार का तसंच?’’ श्रावण लागला की अनेक घरांतला फ्रीजरचा तो कप्पा रिकामा होतो, आणि महिनाभर कुत्र्यापुढे पुन्हा पिशवीतले दाणे किंवा ताकातली भाकरी येते. कुत्र्याचा आहार एकदम न बदलता आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा, असे प्रत्येक पशुवैद्य सांगतो. इथे तो वर्षातून दोनदा बदलायचा असतो, एकदा श्रावणाच्या तोंडावर आणि एकदा तो संपल्यावर.