एनएफएलमधील सॅलरी कॅप आणि ऑफसीझनची संघबांधणी

अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) ३२ संघ खेळतात. एका वर्षात प्रत्येक संघाच्या नावावर खेळाडूंच्या पगाराचा जास्तीत जास्त किती खर्च मांडता येईल, याची ठरवून दिलेली मर्यादा म्हणजे सॅलरी कॅप. इथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. कॅप १९९४ साली लागू झाली, तेव्हा ती ३.४६ कोटी डॉलर होती. २०२५ साली ती २७.९२ कोटी डॉलरवर पोहोचली. लीगच्या उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा खेळाडू संघटनेशी झालेल्या सामूहिक करारात ठरलेला असतो आणि त्यावरून दरवर्षीचा आकडा निघतो. त्यामुळे टीव्हीचे हक्क महागले की कॅप वाढते. कोरोनाच्या वर्षी प्रेक्षागृहे ओस पडली आणि २०२० मधली १९.८२ कोटींची कॅप २०२१ मध्ये १८.२५ कोटींवर घसरली. २०१० साली तर कॅपच नव्हती.

ही मर्यादा पक्की आहे. दंड भरून ती ओलांडण्याची सोय नाही. कॅपमध्ये न बसणारा करार लीग मंजूरच करत नाही. उलट, एखाद्या वर्षी कॅप शिल्लक राहिली तर ती पुढच्या वर्षात ओढता येते. आयपीएलच्या लिलावातली पर्स डोळ्यांसमोर असलेल्या वाचकाने एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे बोली लागली की तेवढी रक्कम पर्समधून वजा होते आणि विषय संपतो. एनएफएलमध्ये खेळाडूला किती दिले याइतकेच ते कोणत्या वर्षाच्या नावे मांडले यालाही महत्त्व असते.

दोन वह्या

प्रत्येक संघाच्या दोन वह्या असतात असे धरले तर सगळा हिशेब उलगडतो. एक रोखीची, दुसरी कॅपची. मूळ पगार दोन्हींत त्याच वर्षी लिहिला जातो. साइनिंग बोनस मात्र रोखवहीत सहीनंतर लवकरच पडतो आणि कॅपच्या वहीत कराराच्या वर्षांवर समान हप्त्यांत विभागला जातो, तोही जास्तीत जास्त पाच वर्षांवर. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे घसाऱ्यासारखे वाटेल: यंत्राचे पैसे आज दिले, खर्च वर्षावर्षाने टाकला.

एक काल्पनिक करार घेऊ. मुदत पाच वर्षे, साइनिंग बोनस २.५ कोटी डॉलर, मूळ पगार अनुक्रमे २० लाख, १ कोटी, १.५ कोटी, १.८ कोटी आणि २ कोटी. बोनसचा वार्षिक हप्ता ५० लाख. म्हणजे कॅपच्या वहीत पाच वर्षांचा बोजा ७० लाख, १.५ कोटी, २ कोटी, २.३ कोटी आणि २.५ कोटी असा दिसेल. पहिल्या वर्षी खेळाडूच्या खिशात २.७ कोटी गेले, कॅपवर मात्र ७० लाखच दिसले. ‘कॅपमध्ये जागा नसताना एवढा मोठा खेळाडू घेतलाच कसा’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या फरकात आहे.

आता दोन वर्षांनी खेळाडू उतरणीला लागला आणि संघाने त्याला मोकळे केले. न टाकलेले बोनसचे तीन हप्ते, एकूण १.५ कोटी, ताबडतोब त्या वर्षाच्या नावावर येतात. याला डेड मनी म्हणतात: माणूस गेला, खर्च राहिला. दोन कोटींच्या बोज्यातून सुटले फक्त ५० लाख. पुढचा एखादा पगार हमीचा (खेळाडूला सोडले तरी द्यावाच लागणारा) असेल तर तोही या ढिगात पडतो. म्हणून करार वाचताना एकूण रकमेकडे पाहू नये. हमी किती, कोणत्या तारखेला लागू होते आणि बोनसचे किती हप्ते उरलेत, एवढे तीनच आकडे पाहावेत. खेळाडूच्या एजंटाने वर्तमानपत्रांना दिलेला एकूण आकडा बहुधा शोभेचा असतो.

सुटकेची तारीखही हिशेब बदलते. १ जूननंतर मोकळे केल्यास त्या वर्षाचा हप्ता त्या वर्षी आणि उरलेले सगळे पुढच्या वर्षी मांडले जातात. आपल्या उदाहरणात यंदा ५० लाख, पुढच्या वर्षी १ कोटी. म्हणजे यंदा १.५ कोटी सुटले. दरवर्षी दोन खेळाडूंना मार्चमध्येच सोडून त्यांच्यावर ‘१ जूननंतरचा’ असा शिक्का मारण्याची सवलत संघाला आहे. नवखे इथेच फसतात. शिक्का मारला तरी कॅपवरचा पूर्ण बोजा २ जूनपर्यंत हलत नाही. म्हणजे मार्चच्या बाजारात, करार संपलेले खेळाडू नवा संघ शोधतात तेव्हा, ही मोकळीक उपयोगी पडत नाही. ती कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंचे करार, उन्हाळ्यातली किरकोळ खरेदी आणि मोसमातल्या दुखापतींसाठी राखावी लागते.

हप्ते पुढे ढकलणे

कॅप मोकळी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रिस्ट्रक्चर. वरच्याच करारात तिसऱ्या वर्षाचा दीड कोटीचा पगार १२ लाखांवर आणायचा (अनुभवी खेळाडूच्या किमान वेतनाच्या आसपास) आणि उरलेले १.३८ कोटी साइनिंग बोनस म्हणून द्यायचे. खेळाडूचा एक डॉलरही कमी होत नाही, उलट पैसे लवकर मिळतात, त्यामुळे तो सहसा नाही म्हणत नाही. नव्या बोनसचे तीन वर्षांवर ४६ लाखांचे हप्ते पडतात. त्या वर्षाचा बोजा २ कोटींवरून १.०८ कोटींवर येतो. पण चौथ्या वर्षी तो २.७६ कोटी आणि पाचव्या वर्षी २.९६ कोटी होतो. शिवाय चौथ्या वर्षाआधी खेळाडूला सोडायचे म्हटले तर डेड मनी १ कोटीऐवजी १.९२ कोटी. थोडक्यात, ज्याला दोन वर्षांत सोडायचे आहे त्याच्या करारावर हा प्रयोग करू नये. चुका होतात त्या नेमक्या इथे, कारण वयस्क खेळाडूचाच पगार सर्वांत मोठा असतो आणि हात आपसूक तिकडेच जातो.

हप्ते आणखी पातळ करायला कराराला नकली वर्षे जोडतात. त्यांना व्हॉइड इयर्स म्हणतात. त्या वर्षांत खेळाडू संघाकडे नसणार हे सहीच्या दिवशीच ठरलेले असते. दोन नकली वर्षे जोडली तर १.३८ कोटींचा हप्ता २७.६ लाखांवर येतो. मात्र करार आपोआप संपला की उरलेले ५५.२ लाख सहाव्या वर्षी एकदम वसूल होतात. फिलाडेल्फिया ईगल्सने हे तंत्र शिस्तीने वापरले: तरुण, टिकाऊ खेळाडूंवर बोजा पुढे टाकायचा आणि वाढत्या कॅपवर भरवसा ठेवायचा. न्यू ऑर्लिन्स सेंट्स मात्र वर्षानुवर्षे तेच करत राहिले आणि दर मार्चमध्ये आधी खड्डा भरण्यातच त्यांची शक्ती गेली. तंत्र एकच होते. फरक होता कोणाचे हप्ते ढकलले यात.

डेड मनीचे गाजलेले उदाहरण डेन्व्हर ब्रॉन्कोसचे. २०२२ साली त्यांनी क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) रसेल विल्सनला सिॲटल सीहॉक्सकडून मिळवले आणि तो त्यांच्यासाठी एकही सामना खेळण्याआधी २४.५ कोटी डॉलरची पाच वर्षांची करारवाढ दिली. दोन मोसमांनंतर, मार्च २०२४ मध्ये, त्याला सोडावे लागले. सुटका तेव्हाच का? लीगवर्षाच्या (मार्चमध्ये सुरू होणाऱ्या लीगच्या हिशेबी वर्षाच्या) पाचव्या दिवशी तो संघात असता तर २०२५ चा ३.७ कोटींचा पगारही हमीचा झाला असता. डेड मनी झाली सुमारे ८.५ कोटी, पैकी ५.३ कोटी २०२४ च्या आणि ३.२ कोटी २०२५ च्या नावावर. त्याचा २०२४ चा पगार हमीचाच होता. पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला १२.१ लाखांच्या किमान वेतनावर घेतले आणि बाकीचे पैसे डेन्व्हरने मोजले.

मार्च

लीगवर्ष मार्चच्या मध्यावर, न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी ४ वाजता सुरू होते. त्या क्षणी प्रत्येक संघ कॅपच्या आत असावा लागतो. ऑफसीझनमध्ये ९० खेळाडू ठेवता येतात, पण कॅपसाठी सर्वांत महागडे ५१ करारच धरले जातात. बाकीच्यांच्या बोनसचे हप्ते आणि डेड मनी तेवढी जोडतात. त्यामुळे ‘कॅपमध्ये एवढी जागा आहे’ हा मार्चमधला आकडा फसवा असतो. नवा खेळाडू आला की ५१वा माणूस यादीतून खाली सरकतो. १२ लाखांचा करार ९.६ लाखांच्या माणसाला ढकलतो तेव्हा प्रत्यक्ष खर्च वाढतो फक्त २.४ लाख.

ज्याला गमावायचे नाही पण दीर्घ करार जमत नाही, अशा एका खेळाडूवर संघ फ्रँचाइज टॅग लावू शकतो. त्या स्थानावरच्या पाच सर्वोच्च पगारांवर आधारलेला दर किंवा आधीच्या पगाराच्या १२० टक्के, यांतला मोठा आकडा एका वर्षासाठी द्यावा लागतो. तिसऱ्यांदा लावल्यास गुणक १४४ टक्क्यांपर्यंत जातो. वॉशिंग्टनने कर्क कझिन्सला २०१६ मध्ये १.९९५ कोटींचा आणि २०१७ मध्ये २.३९४ कोटींचा टॅग लावला. तिसरा टॅग ३.४४७ कोटींना पडला असता, तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला आणि कझिन्स मिनेसोटा व्हायकिंग्जकडे तीन वर्षांच्या, पूर्ण हमीच्या ८.४ कोटींवर गेला. टॅगची रक्कम खेळाडूने सही केली नसली तरी टॅग लावताच कॅपवर चढते. बाजार उघडण्याच्या तोंडावर हा बोजा फार जाणवतो.

चार मोसम पूर्ण करून करार संपलेला खेळाडू पूर्ण मोकळा असतो. तीन मोसमांचा असेल तर मूळ संघाला दुसऱ्या संघाच्या देकाराची बरोबरी करून त्याला राखता येते. मार्चमध्ये बाजार उघडल्यावरच्या पहिल्या तीन दिवसांत भाव सर्वांत चढा असतो, आणि बहुतेक पश्चात्तापाचे करार तेव्हाच होतात. थांबणाऱ्याला आणखी एक लाभ मिळतो. आलेल्यांपेक्षा गेलेले मोकळे खेळाडू जास्त मोलाचे ठरले तर पुढच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंची संघांनी क्रमाने केलेली निवड) तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी भरपाईच्या जागा, म्हणजे निवडीचे जादा हक्क, मिळतात. दुसऱ्या संघाने करार मोडून सोडलेला खेळाडू या हिशेबात धरत नाहीत. ड्राफ्ट आटोपल्यानंतर ठरावीक मुदतीपुढे केलेली खरेदीही नाही. मेमध्ये अनुभवी खेळाडूंच्या सह्यांची लाट येते ती यामुळे.

ड्राफ्ट

एप्रिलच्या अखेरीस सात फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो. सर्वांत वाईट कामगिरीचा संघ आधी निवडतो, सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) विजेता शेवटी. २०११ पासून प्रत्येक जागेची किंमत जवळजवळ ठरलेली आहे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ७.८ कोटींचा करार मिळाला, त्यात ५ कोटी हमीचे होते. वर्षभरानंतर त्याच क्रमांकावरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले. ड्राफ्टमधल्या जागा खऱ्या अर्थाने मौल्यवान झाल्या त्या तेव्हापासून.

करार चार वर्षांचा असतो. तीन मोसम होईपर्यंत त्यात बदल करता येत नाही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी मात्र पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती असतो. २०१८ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने पहिल्या फेरीची शेवटची, ३२वी जागा सौदा करून मिळवली आणि लमार जॅक्सनला घेतले. एक जागा खाली, ३३व्या क्रमांकावर, तो पर्यायच नसता.

जागेला किंमत असते, खेळाच्या स्थानाला नाही. आठव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक घ्या किंवा गार्ड (त्याच्यापुढे अडवणाऱ्या रांगेतला खेळाडू) घ्या, पगार तोच. पण बाजारात क्वार्टरबॅक गार्डच्या कितीतरी पट महाग, त्यामुळे बचतही तितकी पट. म्हणून वरच्या जागा क्वार्टरबॅक, पास-रशर (प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर धावून जाणारा), टॅकल (अडवणाऱ्या रांगेच्या टोकाचा), कॉर्नरबॅक (फेकलेला चेंडू झेलू न देणारा) आणि वाइड रिसीव्हर (तो झेलणारा) यांच्यावर खर्च होतात, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) सहसा खाली सरकतो. ‘गरज पाहावी की सर्वोत्तम खेळाडू’ हा वाद दर एप्रिलला रंगतो. जाणते व्यवस्थापक गरजा मार्चमध्येच कामचलाऊ खेळाडूंनी भरून टाकतात, म्हणजे एप्रिलमध्ये अगतिक होऊन निवड करावी लागत नाही.

जागांच्या अदलाबदलीला गुणांचा तक्ता वापरतात. डॅलस काउबॉइजने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेला, त्यांचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता अजून चालतो: पहिली जागा ३००० गुण, दुसरी २६००, बत्तिसावी ५९०. तो वरच्या जागांना वाजवीपेक्षा जास्त भाव देतो असे पुढच्या विश्लेषकांनी दाखवले. तरी फोनवर सौदा करताना दोघांना चालेल असा काहीतरी मापदंड लागतोच. पुढच्या वर्षाची जागा व्यवहारात साधारण एक फेरी खालची धरतात. लॉस एंजेलिस रॅम्सनी तर २०१७ ते २०२३ या सात ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही निवड केली नाही. जागा देऊन तयार खेळाडू घेतले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल जिंकला.

स्वस्त क्वार्टरबॅक किती जागा मोकळी करतो आणि तो महाग झाल्यावर काय होते, हे सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सकडे पाहून कळते. २०२२ च्या ड्राफ्टमधली अगदी शेवटची, २६२वी निवड ब्रॉक पर्डी. तीन मोसम त्याचा पगार वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी होता, आणि उरलेल्या पैशांत भोवती तारे जमले होते. मे २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचे २६.५ कोटी मिळाले. त्याआधी मार्चमध्येच डीबो सॅम्युअल, चारव्हेरियस वॉर्ड, ड्रे ग्रीनलॉ आणि टलानोआ हुफांगा बाहेर पडले होते.

ऑगस्ट

ऑगस्टच्या अखेरीस ९० चे ५३ करावे लागतात. शेवटच्या पाच-सहा जागा आक्रमण-बचावापेक्षा स्पेशल टीम्सच्या (चेंडू लाथेने मारायच्या खेळ्यांत उतरणाऱ्या गटाच्या) कामावर ठरतात: पंटमागे कोण धावतो, किकऑफला कोण अडवतो. चारपेक्षा कमी मोसम झालेला खेळाडू सोडला की तो वेव्हर्सवर जातो आणि इतर संघ त्याच्यावर २४ तास हक्क सांगू शकतात. म्हणून राखीव क्वार्टरबॅक किंवा नवखा टॅकल ‘गुपचूप’ प्रॅक्टिस स्क्वॉडवर (५३ बाहेरच्या सरावगटात) नेण्याचा बेत नेहमी तडीस जातोच असे नाही. चार किंवा अधिक मोसमांचा खेळाडू या तारखेला वेव्हर्समधून जात नाही. म्हणून संघ त्याच्याशी बोलून त्याला एक दिवस सोडतात, दुखापतग्रस्त सहकाऱ्याला राखीव यादीत टाकून ५३ मध्ये जागा करतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत घेतात.

मोसम सुरू झाला की ५१ चा नियम संपतो. ५३ जण, १६ जणांचे प्रॅक्टिस स्क्वॉड आणि दुखापतीच्या यादीतले सगळे कॅपवर येतात. जखमी खेळाडूचा पगार तसाच चालू असतो, शिवाय त्याच्या जागी आणलेल्याचाही लागतो. मार्चमध्ये शेवटचा डॉलर संपवलेला संघ ऑक्टोबरमध्ये लाइनमन (पुढच्या रांगेतला खेळाडू) शोधताना आधी कोणाचा तरी करार रिस्ट्रक्चर करतो आणि त्याचे हप्ते पुढच्या वर्षीच्या वहीत लिहितो.