सुतळीचा पीळ आणि डीएनएचा

दोन पेडांची हातभर सुतळी घ्या. दोन्ही टोकं खिळ्यांना घट्ट बांधा, मधोमध पेडांच्या फटीत पेन्सिल खुपसा आणि ती एका टोकाकडे सरकवा. चार बोटांवर ती अडते. मागचे पेड उकललेत, पण पीळ गेलेला नाही, नुसता पुढे दाटलाय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात; इथे तर सुंभही शाबूत आहे.

डीएनएही असाच दोन धाग्यांचा पीळ; दोन्ही धाग्यांवरचे घटक (बेस) समोरासमोर जोडीने बसलेले. ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए म्हणजे अशा सुमारे 46 लाख जोड्यांचं बंद कडं. टोकच नाही, तर पीळ निसटणार कुठून? साडेदहा जोड्यांमागे एक वेढा. प्रत काढताना सेकंदाला हजारेक जोड्या उकलतात, म्हणजे दर सेकंदाला 95 वेढे पुढे साचतात. काहीच केलं नाही तर काम तिथेच ठप्प.

ते मोकळं करतं गायरेज. मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये शोधलेलं हे विकर (एन्झाइम) डीएनएचे दोन्ही धागे कापतं, त्या फटीतून डीएनएचाच दुसरा भाग आरपार नेतं आणि काप पुन्हा सांधतं. एका खेपेत दोन वेढे कमी, इंधन एटीपीचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचं.

पण गायरेजची खरी हुशारी वेगळीच. ते पीळ साचायची वाट बघत नाही, सगळं कडं आधीच सुमारे 6 टक्के सैल करून ठेवतं. 5,250 जोड्यांच्या प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यात, हिशेबाने 500 वेढे हवेत. जिवाणूतून काढलं तर 470च्या आसपास भरतात. ही 30ची तूट भरून काढायला कडं स्वतःभोवतीच वेटोळी घेतं. आता कुठेही साडेदहा जोड्या उघडल्या की एक वेटोळं सुटतं, म्हणून उघडणं स्वस्त पडतं. ए-टी या कमी घट्ट जोड्यांची दाटी असते तिथे आधी.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक नेमकं गायरेजलाच धरतं, तेही काप घेतल्यावर, सांधायच्या आत. प्रत काढणारी यंत्रणा त्या अडकलेल्या कापावर येऊन आदळते आणि डीएनए तुटतो. गायरेज नुसतं बंद पडण्यापेक्षा हे जिवाणूला कितीतरी महागात पडतं.

प्लाझ्मिड जेलवर चालवलं, म्हणजे विजेच्या ओढीने जेलमधून सरकवलं, की तूट डोळ्यांना दिसते: वेटोळ्यांनी आवळलेलं कडं पुढे पळतं. त्याच्या एका धाग्याला कुठेही एकच चीर गेली, तर तिसाच्या तीस वेटोळी सुटतात आणि तोच डीएनए मागे रेंगाळतो. नमुना जुना असेल तर हा मागचा पट्टा ठळक होत जातो.