आर्पानेट अणुयुद्धासाठी नव्हतं

‘अणुबॉम्ब पडला तरी चालू राहावं म्हणून अमेरिकेने इंटरनेट बांधलं’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते चूक आहे.

इंटरनेटचं पूर्वरूप म्हणजे आर्पानेट, अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संशोधन संस्थेने उभारलेलं संगणकांचं जाळं. त्याचा डिसेंबर १९६९चा नकाशा पाहा. केंद्रं चारच: लॉस एंजेलिस, सांता बार्बरा, स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि युटा. पहिल्या तिघांचा त्रिकोण, म्हणजे एक जोडणी तुटली तरी संदेश वळसा घालून पोचणार. युटा मात्र स्टॅनफर्डला एकाच तारेने जोडलेलं. ती तुटली की युटा बाहेर! अणुहल्ल्याची तयारी अशी करतात का?

खरी अडचण वेगळी होती. आर्पाच्या संगणक विभागाचे प्रमुख बॉब टेलर यांच्या पेंटागॉनमधल्या कार्यालयात लांबच्या तीन संगणकांसाठी तीन वेगळी टर्मिनलं, म्हणजे त्या संगणकांशी संवाद साधायची यंत्रं, होती. लांबचे महागडे संगणक संशोधकांना वाटून वापरता यावेत, हा हेतू.

मग अणुबॉम्ब आला कुठून? रँड या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या पॉल बॅरन यांच्याकडून. हल्ल्यातही तगेल अशी जाळी त्यांनी १९६४मध्ये मांडली: मध्यवर्ती केंद्र नाही, प्रत्येक गाठीला अनेक वाटा. फार सुंदर विचार, पण ती जाळी बांधलीच गेली नाही. आर्पानेटवाल्यांनी बॅरन यांच्या कल्पनांचा अभ्यास केला. युद्धाचा हेतू मात्र उचलला नाही.