ठोकून गाडी पळाली, नंबर नाही : इंदूरमध्ये भरपाईचा अर्ज कुठे आणि कसा करायचा

रात्री बायपासवर मागून धडक बसते, माणूस स्कूटरसकट रस्त्यावर आणि ट्रक पुढे पसार. नंबर कुणी पाहिलेला नसतो. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘केस करायची तरी कुणावर?’ आणि विषय तिथेच मिटतो. मिटू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 नुसार अशा अपघातात मृत्यू झाला तर वारसांना 2 लाख आणि गंभीर दुखापत झाली तर जखमीला 50 हजार रुपये मिळतात. 1 एप्रिल 2022 पासून हे दर लागू आहेत. त्याआधी हीच रक्कम 25 हजार आणि साडेबारा हजार होती.

योजना आहे, पण मागायला येतं कोण? सुप्रीम कोर्टाने 12 जानेवारी 2024 च्या आदेशात आकडे मांडले होते : 2022 मध्ये देशात अज्ञात वाहनांचे 67,387 अपघात झाले आणि 2022-23 या आर्थिक वर्षात अर्ज आले फक्त 205. त्यातले निकाली निघाले 95. लोक थेट वकिलाकडे जातात किंवा कुठेच जात नाहीत. हा अर्ज कोर्टात नव्हे, महसूल खात्यात करायचा असतो आणि त्याला वकीलपत्र लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

कोणाला मिळते, कोणाला नाही

पेपरवाले ड्रायव्हर पळाला की ‘हिट अँड रन’ छापतात. योजनेचा अर्थ याहून अरुंद आहे. ड्रायव्हर पळाला पण गाडी जागेवर सापडली, किंवा सीसीटीव्हीत नंबर आला आणि मालक मिळाला, तर ही योजना लागू होत नाही. तिथे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं, आणि तिथली भरपाई यापेक्षा बरीच मोठी असू शकते. रीतसर शोध घेऊनही गाडी कोणाची हे कळलंच नाही, अशांसाठीच ही योजना आहे. जखमी पायी होता, सायकलवर होता की स्कूटरच्या मागच्या सीटवर, याने फरक पडत नाही. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मात्र खड्ड्यात किंवा गाय आडवी येऊन पडलात, तर ते यात बसत नाही.

‘गंभीर’ म्हणजे काय, ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 वरून ठरतं. हाड मोडणं किंवा निखळणं, दात पडणं, डोळा किंवा कान कायमचा जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, जिवाला धोका होईल अशी इजा, किंवा 15 दिवस तीव्र वेदना राहणं वा नेहमीचं कामकाज करता न येणं. म्हणजे मनगटाचं फ्रॅक्चरही चालतं. नुसतं खरचटणं चालत नाही.

सगळा खेळ पहिल्या दोन कागदांचा

पहिला कागद हॉस्पिटलचा. एमवाय या सरकारी हॉस्पिटलात न्या की खासगीत, दाखल करतानाच ‘रस्ता अपघात, अज्ञात वाहन’ असं सांगून एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, करून घ्या. घाईत ‘घरी पडला’ किंवा ‘गाडी घसरली’ असं लिहिलं गेलं, तर पुढे तेच वाक्य तुमच्या आड येतं. डिस्चार्ज कार्डावर तारीख, वेळ आणि दुखापतीचं नाव नीट आहे का, ते काउंटरवर उभे असतानाच वाचा.

दुसरा कागद एफआयआर. ज्या थान्याच्या हद्दीत अपघात झाला तिथे. प्रत मोफत मिळते. ती हिंदीत असते आणि तिच्यात ‘अज्ञात वाहन का चालक’ हे शब्द हवेत. सुरुवातीला पोलीस बहुधा न्याय संहितेतलं साध्या दुखापतीचं कलम, म्हणजे 125(ए) लावतात, कारण तेव्हा एक्स-रे झालेला नसतो. फ्रॅक्चरचा रिपोर्ट आला की तो थान्यात देऊन गंभीर दुखापतीचं 125(बी) वाढवून घ्यायचं. आपल्या इथले पोलीस याला ‘धारा इजाफा’ म्हणतात. हे राहिलं, तर गुन्ह्यात दुखापत साधी आणि अर्जात गंभीर, आणि मग फाइल अडते.

एक खास मराठी घरांचा घोळ. एफआयआरमध्ये बाईंचं नाव, पुढे ‘पति’ आणि नवऱ्याचं नाव. आधारवर नाव-नवरा-आडनाव. आणि बँकेत अजून माहेरचं आडनाव! पैसे बँकेत जमा होतात, म्हणून अर्ज देण्याआधी आधार आणि पासबुक तरी एकसारखं करून घ्या.

अर्ज

अर्ज घ्यायचं काम क्लेम चौकशी अधिकाऱ्याचं, म्हणजे एसडीएम किंवा तहसीलदार दर्जाच्या महसूल अधिकाऱ्याचं. तुमचं घर राजेंद्रनगरला आहे की सुदामानगरला, याला महत्त्व नाही. अपघाताची जागा ज्याच्या हद्दीत, तो अधिकारी तुमचा. मानपूरच्या घाटात झाला तर महूला, गणेश घाटात झाला तर धार जिल्ह्यात, आणि नाशिकला जाताना पळासनेरजवळ झाला तर थेट शिरपूरला, महाराष्ट्रात. शहरातलाच अपघात असेल तर थान्याचं नाव सांगून मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात विचारा, कोणता एसडीएम ते सांगतील.

प्रपत्र 1 मध्ये अर्ज आणि प्रपत्र 4 मध्ये हमीपत्र. सोबत जखमीची किंवा मृताची आणि अर्जदाराची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा, पासबुकाची प्रत, एफआयआर, हॉस्पिटलची कागदपत्रं व बिलं. मृत्यू असेल तर पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट आणि वारस असल्याचा पुरावा. समग्र आयडीची, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाची, प्रतही जवळ असू द्या. योजनेला तिची गरज नाही, पण आपल्या प्रदेशात खिडकीवरचा माणूस ती मागतोच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण पुढची सगळी मुदत त्या तारखेवरून मोजली जाते.

चौकशी अधिकाऱ्याने एक महिन्यात अहवाल कलेक्टरकडे पाठवायचा. कलेक्टर हे क्लेम मंजुरी आयुक्त, त्यांनी 15 दिवसांत मंजुरी द्यायची, आणि त्यानंतर 15 दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिल या विमा कंपन्यांच्या संस्थेने पैसे खात्यात टाकायचे. कागदावर दोन महिने. प्रत्यक्षात मधेमधे जाऊन विचारावं लागतं, हे वेगळं सांगायला नको.

2024 च्या त्याच आदेशाने पोलिसांवरही काम टाकलंय. महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची आणि अपघाताचा अहवाल चौकशी अधिकाऱ्याला पाठवायचा. अहवाल येऊनही महिनाभरात अर्ज आला नाही, तर त्या अधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. पोलिसांची अशी चिठ्ठी आली नसेल तर टीआयना, म्हणजे थान्याच्या प्रमुखांना, जाऊन मागा. प्राधिकरणाचा फोन 15100, मदत मोफत.

उपचाराच्या खर्चाचा भाग यापासून वेगळा आहे. मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या कॅशलेस उपचार योजनेत अपघाताच्या तारखेपासून 7 दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार योजनेसाठी नेमलेल्या हॉस्पिटलात होतात, गाडी अज्ञात असली तरीही. 112 वर फोन करून जवळचं नेमलेलं हॉस्पिटल कोणतं ते विचारा.

राहिला प्रश्न, पैसे मिळाल्यावर गाडी सापडली तर? न्यायाधिकरणात दावा करता येतो, त्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. म्हणून पोलीस तपासावर लक्ष ठेवायचं सोडू नका. तिथे भरपाई मंजूर झाली, तर योजनेतले पैसे परत करावे लागतात किंवा तिच्यातून वजा होतात. प्रपत्र 4 वर सही करताना तुम्ही हेच कबूल केलेलं असतं.