पैसेवारी : पन्नासच्या आत की वर?

पिकाचा अंदाज नाण्यात सांगायची रीत जुनी; तिला आणेवारी म्हणत. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं म्हणजे आठ आणे, आणि त्यावरून शेतसारा तहकूब करायचा की नाही ते ठरे. १९१८चा गुजरातमधला खेडा सत्याग्रह याच हिशेबावरून पेटला. पीक चार आण्यांच्या आत आहे, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. वर आहे, असं सरकारचं. मराठवाड्यात तेव्हा निजामी अंमल आणि निजामाचा रुपया, म्हणजे हाली सिक्का. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, पडत. पण रुपया कुठलाही असो, आणे सोळाच, म्हणून पिकाच्या बोलीत अडचण नव्हती. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणेवारीची कागदोपत्री पैसेवारी झाली, पूर्ण पीक म्हणजे शंभर पैसे. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात.

खरा घोळ ५० पैशांचा आहे. निवडलेल्या शेतांत कापणी करून हेक्टरी उतारा काढायचा आणि त्या पिकाच्या ठरलेल्या, म्हणजे प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहायचा. समजा प्रमाण दहा क्विंटल आणि हाती आलं साडेचार, तर पैसेवारी ४५. ती पन्नासच्या आत असली की साऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. ४९ निघाली तर हे सगळं, ५१ निघाली तर कोरडी सहानुभूती. (दुकानदार आठ आण्याचं नाणं घेत नाही, ते वेगळंच.) शिवाय आकडा गावाचा, शेताचा नव्हे. कॅनॉलखालचा कापूस चांगला आला की माळावरच्या कोरडवाहूवाल्याचंही पीक कागदावर सुधारतं. सप्टेंबरअखेरची तर नुसती नजरअंदाज. शेंगा भरलेल्या दिसतात, साठ-पासष्टचा आकडा लागतो आणि मग परतीचा पाऊस सोयाबीनच्या गंजी भिजवून जातो. सुधारित आणि अंतिम पैसेवारी नंतर येते खरी, पण डिसेंबरपर्यंत सावकार थोडाच थांबतो? सवलतींचा बोजा ज्याच्या तिजोरीवर, आकडाही त्याच्याच माणसांनी काढायचा, ही मूळची मेख.

केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेनं भर दुसरीकडे नेला: पावसातली तूट, जमिनीतली ओल, पाणीसाठे, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती. २०१८च्या ऑक्टोबरअखेर महाराष्ट्रातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो याच चौकटीत. पैसेवारी मात्र गेली नाही. दर हंगामात तिचे आकडे निघतात आणि तहसीलवरच्या मोर्चात पहिली मागणी अजून तिचीच असते.