अंकीय अवकाशचित्र

अंकीय अवकाशचित्र : चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तारे, ग्रह, उपग्रह, कडी, तेजोमेघ (वायू आणि धुळीचे अवाढव्य ढग) यांचे थर एकावर एक रचून घडवलेले अवकाशातले काल्पनिक दृश्य. दुर्बिणीने टिपलेल्या खगोलीय छायाचित्राहून हा प्रकार वेगळा आहे. तिथे प्रकाश बाहेरून येतो आणि संपादक तो उजळतो, निवडतो, रंगवतो. इथे कोऱ्या काळ्या पटापासून सुरुवात होते आणि प्रकाशाचा प्रत्येक ठिपका करणाऱ्याला स्वतः ठेवावा लागतो. अवकाशात उजेडाची उगमस्थाने मोजकीच असतात आणि तो पसरवायला हवा नसते. म्हणून उजेड कुठून येतो आणि कशावर पडतो, या एका प्रश्नावर चित्र तरते किंवा बुडते. रंगांची आतषबाजी त्यानंतरची गोष्ट.

पूर्वपीठिका

अवकाश रंगवण्याची परंपरा संगणकाहून जुनी आहे. फ्रान्समधले ल्युसियें रुदो (1874–1947) खगोलनिरीक्षकही होते आणि चित्रकारही. अमेरिकेतले चेस्ली बोनेस्टेल (1888–1986) वास्तुरेखनातून आणि चित्रपटांसाठी पार्श्वचित्रे रंगवण्याच्या कामातून या विषयाकडे वळले. टायटनवरून शनी कसा दिसेल, हे त्यांनी रंगवलेले दृश्य 1944 मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकात आले आणि त्याने एका पिढीचे डोळे आकाशाकडे वळवले. बोनेस्टेल यांनी चंद्रावरचे डोंगर सुळक्यांसारखे टोकदार रंगवले होते. रुदो यांनी मात्र दुर्बिणीतून चंद्राच्या कडेची बाह्यरेषा निरखून ते गोलसर, झिजलेले दाखवले होते, आणि अपोलो मोहिमांच्या छायाचित्रांत ते तसेच निघाले. आज या कामाला बसणाऱ्याने ही गोष्ट मनाशी ठेवावी. कल्पनेला निरीक्षणाची जोड मिळाली की चित्र जुने होत नाही.

संगणकावर ही कला सर्वांच्या आवाक्यात आली ती फोटोशॉपमुळे. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी घडवलेली त्याची पहिली आवृत्ती 1990 मध्ये आली. अवकाशचित्रासाठी निर्णायक ठरली ती 1994 ची तिसरी आवृत्ती, कारण तिच्यात लेयर म्हणजे थर आले. तारे एका थरावर, ग्रह दुसऱ्यावर, सावली तिसऱ्यावर. एक बिघडला तरी बाकीचे शाबूत. मुक्त सॉफ्टवेअरमधले गिंप हे स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये लिहायला घेतले. पुढे दिलेली जवळजवळ सगळी कामे त्यातही होतात, मेनूतली नावे तेवढी बदलतात.

ताऱ्यांचा पट

सर्वांना ठाऊक असलेली रीत अशी : नवी फाइल काळ्या रंगाने भरायची, अॅड नॉइज फिल्टरने एकरंगी रवाळपणा आणायचा, अर्ध्या पिक्सेलभर गाऊशियन ब्लर (कडा मऊ करणारा फिल्टर) द्यायचा आणि लेव्हल्समध्ये, म्हणजे उजेड-अंधाराच्या पातळ्या ठरवणाऱ्या चौकटीत, काळ्याचा खटका उजवीकडे सरकवत न्यायचा. राखाडी धुरळा विझत जातो आणि मागे उरतात ते तारे. दोन मिनिटांचे हे काम पहिल्यांदा करताना अंगावर रोमांच उभे राहतात. पण इथेच थांबलेले चित्र लगेच ओळखू येते. सगळे तारे एकाच मापाचे आणि एकसारखे विखुरलेले, जणू काळ्या कापडावर रवा सांडला आहे.

खऱ्या आकाशाचा हिशेब वेगळा आहे. ताऱ्यांची तेजस्विता प्रतींमध्ये मोजतात. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे 2.5 पटींचा आणि पाच प्रतींचा म्हणजे नेमका 100 पटींचा फरक. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांमध्ये प्रत एकेक पायरी मंद होत गेली, की ताऱ्यांची संख्या दर पायरीला साधारण तिप्पट होत जाते. चित्रात दहा ठळक तारे असतील तर त्याखालच्या पायरीवर तीसेक, मग नव्वदेक, मग पावणेतीनशे. हे प्रमाण सांभाळायला तीन-चार वेगळे थर करावेत : सर्वांत बारीक धूळ एकावर, तीच पद्धत मोठ्या मापात वाढवून आणि लेव्हल्सने पुन्हा विरळ करून दुसऱ्यावर, याप्रमाणे. सगळे थर स्क्रीन या ब्लेंड मोडवर (वरचा थर खालच्यात मिसळण्याच्या रीतीवर) ठेवले की काळे गळून जाते आणि उजेड तेवढा एकत्र येतो. प्रत्येक थराला लेयर मास्क (थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा) लावून त्यात ढगांचा नमुना भरला, की तारे कुठे दाटतात, कुठे विरतात. आकाशगंगेच्या पट्ट्याचा भास त्यातूनच होतो.

ठळक तारे मात्र हातानेच ठेवावेत. बारीक, टणक, पांढरा ठिपका. त्याभोवती मऊ ब्रशने अगदी फिकट रंगाचे वलय. मधला भाग पांढराच राहू द्यावा, रंग कडेला दिसतो. रंग ताऱ्याच्या पृष्ठतापमानावर ठरतो : काक्षी (बीटलज्यूझ) सुमारे 3,500 केल्विनचा, नारिंगी, राजन्य (रायजेल) सुमारे 12,000 केल्विनचा, निळसर पांढरा. हिरवा तारा डोळ्यांना दिसत नाही. हिरव्या भागात सर्वाधिक उजेड देणारा ताराही बाकीच्या रंगांच्या मिश्रणामुळे पांढराच भासतो.

ताऱ्यांना किरणांचे काटे काढण्याचा मोह फार. हे काटे ताऱ्याचे नसून दुर्बिणीचे आहेत. हबल दुर्बिणीत दुय्यम आरसा धरणाऱ्या चार पट्ट्यांमुळे प्रत्येक ठळक ताऱ्याला चार काटे येतात. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा षट्कोनी तुकड्यांचा आणि आधार तीन दांड्यांचा, म्हणून तिथे सहा मोठे आणि दोन लहान. यातून एक साधा नियम निघतो : एका चित्रातल्या सगळ्या ताऱ्यांचे काटे सारख्याच संख्येचे आणि एकाच कोनात असले पाहिजेत. तारा मंद होत जाईल तसे ते आखूड होत नाहीसे व्हावेत. एका ताऱ्याला चार आणि शेजारच्याला तिरके सहा काटे दिले की त्या दृश्यामागे कॅमेराच उरत नाही.

ग्रह

ग्रहासाठी पोत लागतो. गंजलेला पत्रा, पोपडे आलेली भिंत, खडकाचा छेद यांची छायाचित्रे चालतात. ढगांच्या फिल्टरवर रंग चढवूनही काम होते. वर्तुळाकार निवड करून स्फेराइझ फिल्टर दिला, की मधला भाग फुगतो आणि कडेचे तपशील दाटतात. गिंपमध्ये मॅप ऑब्जेक्टने चित्र थेट गोलावर गुंडाळता येते. त्यासाठी नकाशा उंचीच्या दुप्पट रुंदीचा हवा.

खरी परीक्षा सावलीची. उजेड आणि अंधार यांमधली सीमारेषा गोलावरची असल्याने समोरून पाहताना ती लंबवर्तुळाची अर्धी बाजू असते आणि कोरीची दोन्ही टोके बिंबाच्या व्यासाच्या दोन टोकांवर येतात. नवखे लोक बिंबाएवढेच काळे वर्तुळ थोडे सरकवून त्यावर ठेवतात. मग कोरीची टोके व्यासाच्या पलीकडे वळतात आणि ग्रहाची कला न दिसता ग्रहण लागल्यासारखे दिसते. कारण न कळताही पाहणाऱ्याला ते खटकते. बरोबर कृती अवघड नाही. अर्धे बिंब काळे भरावे, त्याच उंचीचे पण आडवे दाबलेले लंबवर्तुळ मधोमध ठेवावे; ते काळे भरले तर कोर मिळते, त्या जागेची सावली पुसली तर फुगीर कला. हा थर ग्रहाच्या थराला क्लिप करून (म्हणजे ग्रहापुरताच दिसेल असा बांधून) मल्टिप्लाय या खालचे गडद करणाऱ्या ब्लेंड मोडवर ठेवावा आणि सीमारेषा मऊ करावी. हवा नसलेल्या ग्रहाला अगदी थोडी, वातावरण असलेल्याला जास्त. आणि ग्रहाच्या काळोख्या भागात तारे दिसू देऊ नयेत. अंधारात असला तरी ग्रह तिथे आहे, मागचे तारे तो झाकणारच.

वातावरणाची निळी कड ही या चित्रांतली सर्वांत लाडकी आणि सर्वांत बिघडवली जाणारी गोष्ट. आउटर ग्लो लावला की ग्रहाभोवती सगळीकडून जाड निळे वलय येते, रात्रीच्या बाजूलासुद्धा. इथे आकडे मदतीला येतात. पृथ्वीचा व्यास 12,742 किमी. चित्रात तिचे बिंब 1,000 पिक्सेलचे असेल तर एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ 13 किमी. 100 किमी उंची, जिथून अवकाश सुरू झाले असे सहसा धरतात, ती आठच पिक्सेलवर संपते. हवेचा तीन चतुर्थांश भार तर तळाच्या अकरा किलोमीटरमध्ये, म्हणजे एका पिक्सेलच्याही आत मावतो. तेव्हा कड केसासारखी बारीक हवी, सूर्याच्या बाजूला ठळक आणि सीमारेषेकडे विरत जाणारी. थोडी जाड केली तरी डोळा माफ करतो. तीस-चाळीस पिक्सेल केली, की ग्रह आपला आकारच गमावतो आणि हातात धरता येईल अशा काचेच्या गोटीएवढा वाटू लागतो.

कडी असलेल्या ग्रहात सावल्या दोन : ग्रहाची कड्यांवर आणि कड्यांची ग्रहावर. दोन्ही एकाच सूर्याला धरून असाव्यात. उपग्रह असेल तर त्याची कलाही त्याच सूर्याची. दृश्यातला सूर्य चौकटीबाहेर असला तरी त्याची दिशा दाखवणारा बाण एका वेगळ्या थरावर काढून ठेवावा आणि शेवटी तो थर झाकावा. ही सवय बरीच फेरदुरुस्ती वाचवते.

तेजोमेघ

ढगांचे फिल्टर हे तेजोमेघाचे कच्चे द्रव्य. त्यामागचे गणित केन पर्लिन यांच्या कामाशी नाते सांगते. संगणकाने काढलेली चित्रे फार गुळगुळीत, यंत्री दिसतात या असमाधानातून त्यांनी नियंत्रित यादृच्छिकतेची एक पद्धत शोधली. ती 1985 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1997 मध्ये तिला ऑस्करच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मोठ्या लाटांवर निम्म्या मापाच्या लाटा, त्यांवर आणखी निम्म्या, असे रचत गेले की धूर, ढग, संगमरवर यांसारखे पोत उमटतात. क्लाउड्सवर डिफरन्स क्लाउड्स अनेकदा दिला की शिरा आणि पोकळ्या तयार होतात.

पण फिल्टरचा ढग चारी बाजूंनी सारखाच असतो, त्याला दिशा नसते. खऱ्या तेजोमेघाला इतिहास असतो. आतले तरुण, तप्त तारे आपल्या प्रारणाने वायू खरवडतात. जिथे धूळ दाट, तिथला भाग टिकून राहतो आणि मागे सावलीत खांब उरतात. गरुड तेजोमेघातले, हबलने 1995 मध्ये टिपलेले ‘निर्मितीचे स्तंभ’ असेच घडले आहेत. म्हणून आधी तारा कुठे ते ठरवावे, मग ताऱ्याकडची कड उजळ आणि तीक्ष्ण, मागची बाजू धूसर, असे स्मज (रंग फासणे), वॉर्प (आकार वाकवणे) आणि मास्क वापरून हाताने कोरावे. पुढे काळपट तपकिरी धुळीचा एक थर मल्टिप्लायवर आला की खोली येते. अवकाशात अंतरामुळे येणारा धूसरपणा नाही, तेव्हा जवळचे कोणते आणि लांबचे कोणते हे एकाने दुसऱ्याला झाकण्यातूनच कळते. माझ्या मते हाच थर सर्वाधिक वेळ देण्याजोगा आहे, आणि घाईत तोच वगळला जातो.

रंगांनाही कारण असते. हायड्रोजन 656 नॅनोमीटरला लाल प्रकाश देतो, दोनदा आयनीभूत झालेला ऑक्सिजन 501 ला निळसर हिरवा. ताऱ्याचा प्रकाश नुसता विखुरणारी धूळ निळी दिसते. हबलच्या गाजलेल्या चित्रांतली सोनेरी आणि निळी छटा मात्र नेमून दिलेली आहे : गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. यातली कोणतीही पद्धत निवडावी, पण एका चित्रात एकच पाळावी. सगळीकडे जांभळा ओतणे ही निवड नव्हे.

किती खरे, किती मानलेले

काही गोष्टी मुळातच संकेत म्हणून स्वीकाराव्या लागतात. सूर्यप्रकाशात न्हालेला ग्रह आणि मंद तेजोमेघ एकाच एक्स्पोजरमध्ये (कॅमेरा प्रकाश आत घेतो त्या वेळात) येत नाहीत. अपोलोच्या चांद्रछायाचित्रांत काळे आकाश तारेविरहित आहे ते याच कारणाने. तेजोमेघाच्या जवळ गेले तरी तो अधिक झळाळत नाही. तो मोठा दिसतो, पण आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यातून येणारा उजेड तितकाच राहतो. अवकाशचित्र दोन्ही एकत्र दाखवते आणि ते क्षम्य आहे, कारण तेजोमेघासाठी पाहणाऱ्याचा डोळा दीर्घ एक्स्पोजरच्या कॅमेऱ्याचा मानलेला असतो. सूट जाणून घेतली असेल, तर बाकी चित्र तिला सांभाळून घेते.

तांत्रिक बाजूत एकच गोष्ट आवर्जून सांगावीशी. काम 16 बिटमध्ये करावे. 8 बिटमध्ये एका रंगवाहिनीला (लाल, हिरव्या किंवा निळ्या) 256 पायऱ्या मिळतात आणि अंधारातल्या हळूवार छटांना त्यांतल्या मोजक्याच वाट्याला येतात. मग वलयांच्या जागी पट्टे उमटतात. शेवटी संपूर्ण चित्रावर अगदी हलका नॉइज दिला तरी पट्टे बरेच विरतात. चित्र मोठ्या मापात सुरू करावे. तयार चित्र लहान केले की बारीक तारे आधी विझतात, म्हणून लहान प्रतीसाठी ताऱ्यांचे थर पुन्हा उजळावे लागतात.

पोत म्हणून नासाची छायाचित्रे बहुधा स्वामित्वहक्काविना वापरता येतात, मात्र तिचे बोधचिन्ह किंवा तिची संमती असल्याचा आभास त्याबरोबर वापरता येत नाही. इतर संस्थांच्या अटी वेगळ्या असतात, त्या त्या-त्या चित्राखाली वाचाव्यात. तयार झालेल्या चित्राखाली ‘कल्पनाचित्र’ असे लिहावे, आणि वापरलेले छायाचित्र कोणत्या दुर्बिणीचे हेही नोंदवावे.